मॅनिफोल्डचा स्टड दाद देत नाही? तोडण्याआधी एवढं करून बघा

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ. तो इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, मध्ये पॅकिंग घालून लावतात आणि हेडमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, म्हणजे स्टडवर, नट आवळून धरतात. आधी लक्षणं बघू, कारण टिकटिक ऐकली की लोक थेट टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करायला धावतात आणि दोष भलतीकडेच राहतो.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की कोरडी टिक-टिक ऐकू येते. ॲक्सिलरेटर दिला की ती वाढते आणि चार-पाच किलोमीटर गाडी पळाली की जवळजवळ बंद होते. टॅपेटचा आवाज इंजिन तापल्यावरही राहतो. ही टिकटिक मात्र तापल्यावर विरते, कारण मॅनिफोल्ड गरम होऊन फुगतो आणि पॅकिंगजवळची फट स्वतःच झाकतो. दुसरं लक्षण म्हणजे मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर काजळीचा काळा फराटा. तिसरं म्हणजे सिग्नलला उभं असताना गाडीत धुराचा वास येणं. हे ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. कार्बन मोनॉक्साईडला स्वतःचा वास नसतो, पण जिथून धूर आत येतो तिथून तोही येतो.

बॉनेट उघडून टॉर्चने नीट बघितलंत तर बहुधा टोकाच्या एखाद्या स्टडचा नट गायब असतो, किंवा स्टडच मुळापासून तुटलेला असतो. मधले स्टड सहसा धड असतात. मॅनिफोल्ड लांबीत फुगतो, थंड झाला की आकसतो आणि ही सगळी ओढाताण टोकाच्या स्टडवर येते. वर्षानुवर्षं वाकून वाकून तो थकतो. एक स्टड गेला की शेजारच्यावर भार येतो. म्हणून एक तुटलेला सापडला की बाकीचेही संशयित धरा.

आमच्या बडोद्यात याला आणखी एक कारण आहे, पाणी. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी वस्तीत शिरली तेव्हा समा, अकोटा, फत्तेगंज भागात कित्येक गाड्या चाकांच्या वरपर्यंत बुडाल्या. त्या धुतल्या गेल्या, ऑइल बदललं गेलं, सुरूही झाल्या. पण स्टडच्या मुळाशी बसलेला गाळ कुणी काढला नाही. लोखंडी स्टड, ॲल्युमिनियमचं हेड आणि मध्ये ओल, एवढं जमलं की ॲल्युमिनियम झिजू लागतं आणि पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये घट्ट ठासून बसते. तांबूस गंज दिसला तर प्रकरण बहुतेक नट आणि स्टड यांच्यातलं. स्टडच्या मुळाशी पांढरं दिसलं तर स्टड आणि हेड यांच्यातलं. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता कामाला लागू. सोप्या आणि स्वस्त उपायापासून सुरुवात करायची आणि एक करून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

तारेचा ब्रश. याला फारसा खर्च नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. नटच्या बाहेर स्टडचा जो तुकडा दिसतो, त्याच्या आट्यांवर गंजाचे पापुद्रे असतात. नट सैल झाला तरी त्याला बाहेर यायचं ते याच वाटेने. वाट साफ नसेल तर नट अर्ध्यात अडकतो, आपण जोर करतो आणि तुटतो तो स्टड. आटे उघडे आणि स्वच्छ दिसेपर्यंत घासा. डोळ्यांवर चष्मा हवाच, ब्रशच्या तारा सुटून उडतात.

बरोबर मापाचा पाना. मारुती ८००च्या मॅनिफोल्डचे स्टड ८ मिलिमीटरचे आणि नटला बहुधा १२चा पाना. जुन्या अँबेसेडरची गोष्ट निराळी. तिचं मूळ इंजिन इंग्लंडच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं, त्यामुळे आटे आणि नट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटला १३चा पाना ‘बसतो’, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मधली ०.३ मिलिमीटरची ढिलाई नटचे कोपरे खाते. जाम नटवर एकदा कोपरे गोल झाले की दुसरी संधी सहसा मिळत नाही. इसुझूचं इंजिन असलेल्या अँबेसेडरमध्ये मात्र मापं मिलिमीटरमध्ये. उघडा पाना इथे नकोच. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा, कारण बारा कोनांची गोटी नटला कोपऱ्यांवरच पकडते. गोटी हातोडीने हलकेच ठोकून नटवर शेवटपर्यंत बसवा.

तेल आणि वेळ. गंज सैल करणारा स्प्रे हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. घरी करायचं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घ्या. दोन्ही फार वेळ मिसळून राहत नाहीत, म्हणून दरवेळी बाटली हलवून घ्यावी लागते. ॲसिटोन पटकन पेट घेतं आणि गाडीचा रंग खातं, तेव्हा थेंबाथेंबानेच टाका. गॅरेजवाले डिझेल वापरतात. तेही चालतं, फक्त त्याला घाई चालत नाही.

तेल कोमट इंजिनावर टाका, थंडवर नको आणि तापलेल्यावर तर नाहीच. कोमट धातू निवताना आकसतो आणि तेल आत ओढून घेतो. संध्याकाळी गाडी फिरवून आणा, हात टेकवता येईल इतकं निवू द्या, तेल टाका आणि झोपा. सकाळी पुन्हा. असं दोन-तीन दिवस चाललं तरी चालू द्या. शनिवारी दुपारी स्प्रे मारून दहा मिनिटांत पाना लावणाऱ्यांचेच स्टड रविवारी तुटतात. आणखी एक गोष्ट: तेल नटच्या दोन्ही बाजूंनी आत शिरतं, पण हेडमधलं भोक खालून बंद असेल तर स्टडच्या मुळाशी ते फार खोल जात नाही. म्हणून पांढऱ्या भुकटीवाल्या स्टडला नुसतं तेल पुरत नाही, तिथे ताप द्यावाच लागतो.

हातोडीचे ठोके. गंज ठिसूळ असतो, स्टड लवचीक. स्टडच्या टोकावर सरळ रेषेत मध्यम ठोके दिले की आतला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. जोर मोजका आणि ठोके पुष्कळ. नट स्टडच्या टोकाशी असेल तर तो टोकाला समपातळीवर आणून मग ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. ॲल्युमिनियमच्या हेडवर आडवा ठोका चुकूनही नको.

आता पाना. याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

पहिली हालचाल सोडण्याच्या दिशेने करू नका, आवळण्याच्या दिशेने केसभर द्या. उद्देश नट घट्ट करण्याचा नाही, गंजाची पकड मोडण्याचा आहे. मग सोडण्याच्या दिशेने तेवढंच. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, मध्ये तेल. लांब पाईप लावू नका. पाईप लावला की हाताला काही कळेनासं होतं आणि या कामात हाताला काय कळतं यावरच सगळं ठरतं.

लक्ष देऊन ऐका. पाना फिरवताना ‘कीच्’ असा कोरडा आवाज आला, नट एकदम थोडासा सरकला आणि पुन्हा अडला, तर शुभ लक्षण: गंज सुटतोय. आवाज काहीच नाही, पाना मात्र हळूहळू गोल फिरतोय, रबर पिळल्यासारखा मऊ, आणि हात सोडला की थोडा मागे येतो, तर नट सुटत नाहीये. स्टड पिळला जातोय. त्या क्षणी थांबायचं. अजून पाव फेरा दिलात तर तो नटच्या खालीच तुटेल. रावपुऱ्यातल्या गॅरेजमधला एक म्हातारा कारागीर नवख्या पोराच्या हातात पाना दिला की एवढंच म्हणायचा, “भाई, जोर ना करशो, तूटी जशे.”

फिरतंय काय तेही बघा. नटवर आणि स्टडच्या टोकावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली तर नट फिरतोय. रेघ अखंड राहून फिरली तर नटसकट स्टडच हेडमधून बाहेर येतोय. असं झालं तर घाबरू नका, ही सगळ्यात सोपी सुटका. येऊ द्या बाहेर, नवा स्टड बसवू. फक्त रेडिएटरचं पाणी आधी काढलेलं असावं, कारण काही इंजिनांत स्टडचं भोक पाण्याच्या वाटेपर्यंत आरपार असतं आणि तिथून पाणी ठिबकतं. असा स्टड पुन्हा बसवताना आट्यांना सीलंट लावावंच लागतं.

नट बिलकूल हलत नसेल तर तोच फोडा. नट स्प्लिटर मिळतो. नाहीतर हॅक्सॉच्या पात्याने नटच्या एका बाजूला स्टडच्या आट्यांपर्यंत चीर द्या आणि छिन्नीच्या ठोक्याने फाका. नट काही रुपयांचा, स्टड त्याहून थोडा जास्त, हेड काही हजारांचं. हिशोब इतका सरळ असून लोक दोन रुपयांचा नट वाचवायला हेड पणाला लावतात. नट गेला की मॅनिफोल्ड बाहेर निघतो आणि स्टड पूर्ण लांबीत मोकळा मिळतो. मग पकड चांगली मिळते आणि ताप मुळाशी देता येतो.

मोकळ्या स्टडवर दोन नट चढवा आणि एकमेकांवर आवळून लॉक करा. पाना आतल्या, म्हणजे हेडकडच्या नटला लावून सोडायचं. बाहेरच्याला लावलात तर तो नुसता सुटून हातात येईल. आटे खराब असतील तर स्टड एक्स्ट्रॅक्टर वापरा, रोलरचा प्रकार सगळ्यात बरा. व्हाइस ग्रिप आणि पाईप पाना अगदी शेवटी, कारण ते स्टडला दात मारतात आणि पुढच्या कुठल्याही हत्याराला धड जागा ठेवत नाहीत.

ताप. इथून पुढे पैशाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचे पाईप काढलेले असोत, बॅटरी सुटी असो, शेजारी वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर असो. आधी मारलेला स्प्रे पुसून वाळू द्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत कधीच नेऊ नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात, ते तापले की विषारी वायू होतो. आणि गुजरातेत बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजी किट दिसतं: अशा गाडीवर घरी ज्योत लावायचीच नाही, विषय संपला.

ताप कुठे द्यायचा हे हेडच्या धातूवर ठरतं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून मारुतीत ज्योत स्टडवर नको, त्याच्या भोवतीच्या हेडवर गोल गोल फिरती ठेवा. ८ मिलिमीटरच्या भोकात सव्वाशे-दीडशे अंशांच्या फरकाने मिळणारी ढिलाई जेमतेम शतांश मिलिमीटर असते, पण पांढऱ्या भुकटीची पकड सुटायला तेवढी पुरते. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र होऊन उडाला की थांबा. ॲल्युमिनियम लाल होत नाही. हेडचं मिश्र ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आतच सरळ वितळतं आणि तोवर डोळ्यांना काही इशारा मिळत नाही. एकाच जागी ज्योत धरली तर हेड वाकडं होतं, हे वेगळं.

बीएमसी इंजिनाच्या जुन्या अँबेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये उलटं. बीड आणि पोलाद साधारण सारखंच फुगतात, त्यामुळे भोक मोठं करण्याचा फायदा मिळत नाही. तिथे स्टडच लाल करायचा. चारही बाजूंनी दाबलेला स्टड तापला की फुगायला जागा नसते, तो आतल्या आत चेपला जातो आणि निवल्यावर आधीपेक्षा किंचित बारीक होतो. गंजही तडकतो. लाली गेली, पण अजून गरमच आहे, अशा वेळी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि तेल जळून जाईल तिथेही काम करतं. मग पाना, त्याच मागे-पुढे पद्धतीने. पहिल्या तापात सुटला नाही तर निवू द्या आणि पुन्हा तापवा. बहुतेक स्टड एका तापात सुटत नाहीत.

आता तुटलेल्या स्टडबद्दल. तीन अवस्था असतात आणि तिघींचा इलाज वेगळा.

बोटभर बाहेर असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू. पृष्ठभागाशी समपातळीत किंवा जरासा वर असेल तर त्यावर नट ठेवून नटच्या भोकातून वेल्ड भरायचं. वेल्डिंगचा ताप थेट स्टडमध्ये उतरतो, म्हणजे ताप आणि पकड एकदमच मिळतात. लोखंडी रॉडचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून सराव असलेल्या हाताला हेड सांभाळता येतं. निवू द्यायचं, मग पाना. पहिला नट निसटला तर दुसरा. हे घरच्या घरी शिकायचं काम नाही, चांगला वेल्डर गाठा. बॅटरी आणि अल्टरनेटर आधी सुटे करायला सांगा.

आत तुटला असेल तर ड्रिल. बरोब्बर मध्यावर सेंटर पंच, मग ३ मिलिमीटरचं भोक, मग ५, मग ६.५. डावीकडे फिरणारं ड्रिल बिट मिळालं तर तेच वापरा, कारण बऱ्याचदा भोक पाडता पाडता त्याच्या ओढीने स्टड फिरून वर येतो. ८ मिलिमीटर, १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर) आट्यांसाठी ड्रिल ६.८ मिलिमीटरचं. तिथवर मध्यावर पोचलात तर उरलेली आट्यांची गुंडाळी टोच्याने ओढून काढता येते. अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेलात तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे वळतं आणि भोक अंडाकृती होतं. गाडीतच, वाकून, आरशात बघून मध्य साधत नसेल तर हट्ट करू नका.

ईझी आऊट नावाचं उलट्या आट्यांचं हत्यार आहे. जाहिरात बघून लोक घेतात, पण मला ते आवडत नाही. ज्या स्टडने अख्ख्या जाडीवर दाद दिली नाही, तो आतून पोखरल्यावर एका बारीक खिळ्याने कसा सुटेल? वर ईझी आऊट कडक पोलादाचं असतं. ते आत तुटलं की साधं ड्रिल त्याला चरासुद्धा पाडत नाही. स्टड सैल आहे हे आधी सिद्ध झालं असेल तरच वापरावं.

थांबायचं कुठे, तेही सांगतो. पाना मऊ पडला आणि दोन वेळा ताप देऊनही तसाच राहिला, तर थांबा. भोक मध्यापासून सरकलं तर थांबा. ईझी आऊट किंवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आत तुटला तर त्यावर पंच मारत बसू नका. हेड उतरवून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) न्या. तिथल्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये स्पार्क इरोजनचं मशीन असतं. ठिणग्यांनी ते कडक पोलाद कण-कण करून उडवतं आणि आजूबाजूच्या आट्यांना धक्का लागत नाही. हेडचे आटे मेलेले असतील तर हेलिकॉइलही (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेच्या आट्यांची गुंडाळी) तिथेच बसवून घ्या. हेड बोल्ट, क्रँकच्या बेअरिंगचे स्टड, तडा गेलेलं हेड, ब्लॉकमध्ये मोडलेला स्टड, यांना तर घरी हातच लावू नका. सोनारानेच कान टोचलेले बरे. जाताना आधी काय काय केलंत ते खरंखरं सांगा. किती खोल ड्रिल केलं, आत काय तुटलंय, हे कळलं की त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

नवा स्टड बसवताना भोकातले आटे हाताने टॅप फिरवून साफ करा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बंद भोकात तेल साचू देऊ नका. स्टड आवळताना ते दाबलं जातं आणि त्या दाबाने ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. स्टड हाताने बसेल इतकाच बसवा, तळाशी आवळून ठासू नका. आट्यांवर कॉपरचं अँटी-सीज (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. साधं ग्रीस इथल्या तापात जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तेच सगळ्यात जास्त चिकटतं. जुने नट पुन्हा वापरू नका. मिळाले तर पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले घ्या, ते स्टडला गंजून धरत नाहीत.

मॅनिफोल्डचा चेहरा सरळ पट्टीने तपासा. वाकलेला असेल तर लेथवाल्याकडून घासून घ्या, नाहीतर नवा स्टडही टोकालाच तुटेल. नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत आवळा. ८ मिलिमीटरच्या स्टडला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण दोन ते अडीच किलोग्रॅम-मीटर, पण अँटी-सीज लावलेलं असेल तर आकडा खालच्या बाजूचा धरा, कारण वंगण लागलेला आटा त्याच जोरात जास्त ताणला जातो. इंजिन एकदा पूर्ण तापून पूर्ण निवलं की पॅकिंग बसतं आणि नट थोडे सैल लागतात. तेव्हा थंड इंजिनावर टॉर्क पान्याने सगळे पुन्हा एकदा बघा.